करडं कापड

४ जानेवारी

दुकानात कोणीतरी माझ्या कामाची वाट लावतंय. कोण ते पकडायचं, म्हणून आजपासून हे लिहायला घेतलं आहे. बारक्याला दाखवणार नाही, हिलाही नाही. दोघं सख्खी भावंडं, एकाला कळलं की दुसऱ्याला कळलंच म्हणून समजा.

झालं ते असं. मास्तरांचा कोट. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले, आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. डावा खांदा बोटभर खाली. अशा माणसाचा कोट कापड दुहेरी घालून बेतता येत नाही. कापड एकेरी पसरायचं, पुठ्ठ्याचा फर्मा ठेवून डावा पुढा, म्हणजे कोटाचा पुढचा डावा भाग, कापायचा, मग फर्मा उलटा करून, खांद्याचा फरक धरून, उजवा पुढा कापायचा. लोकरी कापडाला सुलटी बाजू एकच असते, त्यामुळे फर्मा उलटा करायला विसरलं की खेळ खलास. मी नीट कापून ठेवला आणि जेवायला वर गेलो. खाली आलो तर बारक्या मशीनवर नुसताच बसलेला.

"काय रे, टाका विसरलास का?"

"दाजी, दोन्ही डावे आहेत."

बघितलं तर खरंच, दोन्ही पुढे डावे. असली चूक शिकाऊ पोरं पहिल्या महिन्यात करतात, बोलणी खातात आणि जन्मात परत करत नाहीत. मी आयुष्यभर कोट बेतत आलोय. म्हणजे मी वर असताना कोणीतरी फर्मा हलवला. दुकानात आम्ही तिघंच. मी बेततो, बारक्या शिवतो, ही काजं-बटणं आणि अस्तर बघते. हिच्यावर संशय घेण्यात अर्थ नाही. उरला बारक्या. नावाला बारक्या, पन्नाशी उलटलीय त्याची. माझ्याकडे आला तेव्हा सुईत दोरा ओवता येत नव्हता. आता त्याला माझी कात्री पाहिजे, एवढं न कळायला मी दूधखुळा नाही.

७ जानेवारी

सकाळी टेप सापडेना. टेबल उलथंपालथं केलं. बारक्याला बोललो, जरा जास्तच बोललो. शेवटी ही म्हणाली, "अहो, गळ्यात काय आहे?" गळ्यातच होती. मलाही हसू आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच असं झालं.

घर दुकानाच्या वरच आहे, एक जिना. हल्ली मध्यावर दम लागतो. तिथे विजेचा मीटर आहे. आकडे वाचत असल्यासारखा थांबतो आणि मग वर जातो. कोणाला काही कळत नाही.

१२ जानेवारी

हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. मागच्या वर्षी छातीत पाणी भरून इस्पितळात पडलो होतो, तेव्हापासून यांच्याकडे जातो. हृदयाची ताकद कमी झालीय, पंप जुना झालाय, असं त्या पहिल्या दिवशीच म्हणाल्या होत्या. ठीक आहे, माझं शिलाई मशीनही जुनंच आहे, चालतंय. आज पाय दाबून बघितले, बोटाचा खड्डा तसाच राहिला. पाणी मोजून प्या, मीठ बंदच ठेवा, गोळ्या चुकवू नका.

निघताना ही मध्येच म्हणाली, "डॉक्टर, यांचं हल्ली लक्ष राहत नाही हो." झालं! लगेच माझी परीक्षा. पाच शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने विचारले. तीन सांगितले, बाकीचे दोन बाईंनी नीट उच्चारलेच नव्हते. मग एकमेकांत अडकलेल्या दोन आकृत्या दाखवल्या, म्हणाल्या, अशाच काढा. मी काढल्या आणि सवयीने बाहेरून शिलाईला मार्जिनही सोडलं. बाई बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. कौतुक वाटलं असावं.

मग हिलाच विचारायला लागल्या, झोपेत घोरतात का?

"घोरतात. मग थांबतात," ही म्हणाली.

मी सांगितलं, मी घोरत नाही. दोघींनीही ऐकलं न ऐकलंसं केलं. बायका एकत्र आल्या की असंच. आता झोपेची तपासणी करायची म्हणे. झोपेत काय तपासणार, डोंबल?

१९ जानेवारी

काम जोरात आहे. गंमत म्हणजे हल्ली सगळ्यांना करडंच कापड आवडायला लागलंय. या आठवड्यात जेवढे कोट बेतले, सगळे करडे. पूर्वी लोक पट्ट्या, चौकड्या, गडद निळा, तपकिरी असं काही काही घेऊन यायचे. आता बारक्या सकाळी करड्या कापडाची घडी टेबलावर ठेवतो, चिठ्ठीवर माप असतं, मी बेततो. कापडही पूर्वीसारखं राहिलं नाही. हाताला खरखरीत लागतं, लव नाही, कडेचे धागे सुटतात. मी म्हटलंसुद्धा, "लोकांची आवड गेली रे चुलीत." बारक्या म्हणाला, "हो दाजी, काळ बदलला."

चला, एवढं तरी कबूल केलं.

दुपारी जेवून जरा पडतो. डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय.

२७ जानेवारी

ही आता माझ्याशेजारी झोपत नाही. बैठकीतली खुर्ची आणून पलंगाजवळ ठेवलीय आणि तिथेच बसते. विचारलं तर म्हणते, पाठ दुखते, बसून बरं वाटतं. कोणाची पाठ बसून बरी होते? सरळ सांग ना, माझा कंटाळा आला म्हणून.

शिवाय झोपेत कोणीतरी मला ढोसतंय असं वाटतं. आज अंघोळीच्या वेळी बघितलं, डाव्या दंडावर काळंनिळं झालंय. मी झोपेत पलंगाच्या कडेवर आपटत असेन. सकाळी उठलो की डोकं जड असतं, तोंडाला कोरड, आणि झोपलोच नाही असं वाटतं. टेबलाशी उभा असताना डोळे मिटतात. बारक्याला वाटतं मी पेंगतो. मी विचार करत असतो.

रागाच्या भरात हिला म्हणालो, "माझ्या घोरण्याचा त्रास होत असेल तर तसं सांग."

ती म्हणाली, "घोरा हो खुशाल. तुम्ही घोरायचे थांबता, त्याची भीती वाटते."

बायकांना कशाने बरं वाटेल ते सांगता येत नाही.

३ फेब्रुवारी

मास्तर कोट न्यायला आले. घालून आरशासमोर उभे राहिले. खांदा असा बसलाय की खाली आहे हे सांगूनही पटू नये. मला म्हणाले, "तुमच्या हाताला तोड नाही." मग बारक्याकडे वळून त्याचाही हात हातात घेतला. त्याचा काय संबंध? शिवला असेल त्याने, पण बेतला कोणी?

एकच गोष्ट जरा विचित्र वाटली. मास्तरांचा म्हणून मी दुसऱ्यांदा बेतला तो करडा होता. हा गडद निळा. विचारणार होतो, तेवढ्यात हिने चहा आणला आणि राहून गेलं. रंगवून घेतला असेल.

८ फेब्रुवारी

आज सकाळी टेप सापडेना. सगळं टेबल उलथंपालथं केलं. बारक्याला बोललो. गळ्यातच होती. हसूच आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच असं झालं.

१५ फेब्रुवारी

झोपेची तपासणी झाली त्याचा निकाल. एक रात्र इस्पितळात छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकाला नळी लावून झोपवलं होतं. त्या अवतारात कोणाला झोप येणार? पण लागली म्हणे.

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ठेवला. माझा श्वास रात्रभर थांबतो, परत सुरू होतो, परत थांबतो. थांबला की रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून अर्धवट जागा होतो, हृदयाला हिसका बसतो. हृदय आधीच थकलेलं, त्यामुळे श्वासाची लय बिघडते, आणि श्वास बिघडला की हृदय आणखी थकतं. दोघं एकमेकांना खाली ओढताहेत, असं म्हणाल्या.

"आणि डोकं?" हिने विचारलं.

"डोक्याला रात्रभर उपास घडतो, मग दिवसा ते काम कसं करणार?"

त्यावर उपाय म्हणजे एक यंत्र. नाकावर मुखवटा, त्याला रबरी नळी, त्यातून हवेचा दाब. तो लावून झोपायचं. मी म्हटलं, "बाई, मी माणसाचे कपडे शिवतो, हत्तीचे नाही. सोंड लावून झोपणार नाही." त्या हसल्या नाहीत. ही तर खिडकीबाहेर बघत होती.

यंत्र घरी आलंय. खोक्यातच आहे. राहू दे.

२ मार्च

आज फार वाईट झालं.

ही काजं करत बसली होती. मी टेबलाशी होतो. एकदम किंचाळली. मशीनची सुई तर्जनीतून आरपार. काजाच्या मशीनवर पेंगली होती. बारक्याने चाक उलटं फिरवून बोट सोडवलं. मी धावलो आणि करायचं सोडून ओरडलो, "लक्ष कुठे असतं तुझं? इतकी वर्षं काजं करतेस आणि आज हात मशीनमध्ये?"

बारक्या माझ्यासमोर कधी आवाज चढवत नाही. आज चढवला.

"दाजी, बस करा! ती झोपत नाही! ती खुर्ची कशाला आणलीय असं वाटतं तुम्हाला? रात्रभर तुमच्या छातीकडे बघत बसते. श्वास थांबला की ढोसते, सुरू झाला की परत बसते. तुम्हाला मुखवट्याची लाज वाटते म्हणून माझी बहीण दिवसा सुईखाली पेंगतेय!"

"बारक्या, गप्प बस," ही म्हणाली. बोट धरून, रडत.

मी दंड चाचपला. काळंनिळं अजून होतंच.

मला लाज वाटली. दुसरं काही लिहिता येत नाही. खोकं उघडलं.

३ मार्च

घुसमट, घुसमट, घुसमट. दोनदा काढून फेकला. दोन्ही वेळा हिने उचलून पुसून हातात दिला. बोटाला बांधलेली पट्टी दिसत होती. तिसऱ्यांदा लावला आणि ठेवला.

११ मार्च

सवय होतेय. नाकावर लाल वण राहतो. बारक्याने नळी अडकवायला पलंगाच्या डोक्याशी हूक ठोकून दिला. ही अजून खुर्चीतच बसते, पण सकाळी बघितलं तर मान एका बाजूला कलती करून गाढ झोपली होती. अंगावर पांघरूण घातलं.

१९ मार्च

आज जिन्यात मीटरपाशी थांबलो आणि चक्क आकडे वाचले. म्हणजे आजवर नुसताच बघत होतो.

सकाळी डोकं हलकं असतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चांगलं आहे, पण फार आशा धरू नका. काही परत येईल, काही नाही. हृदय कमजोर आहे ते आहेच. पूर्वी मला राग आला असता. आज फक्त ऐकलं.

२६ मार्च

सकाळी बारक्याने घडी ठेवली. नेहमीप्रमाणे हात फिरवला आणि हात थांबला.

हे कोटाचं कापड नाही. गादीच्या खोळीला वापरतात ते जाडंभरडं सुती कापड आहे. आंधळ्यालाही बोटांनी कळेल. यात आतून लावायचा कॅनव्हास धरणार नाही, इस्त्री बसणार नाही, कोणी शहाणा माणूस याचा कोट शिवणार नाही. आणि मी गेले कित्येक दिवस हेच बेततोय.

काही बोललो नाही. खडू घेतला, मापाची चिठ्ठी वाचली. माप मास्तरांचंच होतं. खांद्याचा फरकही लिहिलेला, बारक्याच्या अक्षरात. मला कळू नये म्हणून एवढी काळजी.

२८ मार्च

दुपारी वर गेलो नाही. गेल्यासारखे पाय वाजवले आणि मागच्या खोलीत बसलो. थोड्या वेळाने दुकानातून कात्रीचा आवाज आला. माझ्याच कात्रीचा, जाड लोकरीत चालते तसा. बारक्या खरी कापडं मी झोपल्यावर बेतत होता. म्हणजे गेल्या तीन महिन्यांत दुकानातून बाहेर पडलेला एकही कोट माझा नाही.

तिथेच कोपऱ्यात गाठोडी होती. सोडून बघितली. सगळे करडे तुकडे, माझ्या खडूच्या खुणांचे, नीट घड्या घालून ठेवलेले. चुलीत का घातले नाहीत, देव जाणे. जमिनीवर मांडत गेलो. डावा, डावा. डावा, डावा. एका कोटाला तीन बाह्या. एकाला पाठच नाही. मधूनच एखादा जोड बरोबर, आणि परत डावा, डावा.

मग वर येऊन हे लिहिलेलं पहिल्यापासून वाचलं. टेप दोनदा हरवली आहे, आणि दोन्ही वेळा पहिल्यांदाच. मास्तरांचा निळा कोट वाचला. बारक्याबद्दल लिहिलेलं वाचवेना. ज्याला पकडायला बसलो होतो तो सापडला. पानापानावर त्याचंच अक्षर आहे.

यंत्र लावलं नसतं तर हे कळलंही नसतं. आज क्षणभर वाटलं, उगाच लावलं.

२ एप्रिल

सकाळी घडी आली. मी सांगू शकलो असतो की मला माहीत आहे. नाही सांगितलं. करडं कापड एकेरी पसरलं. डावा पुढा आखला. फर्मा हातात धरून मोठ्याने म्हटलं, "उलटा," आणि उलटा केला. उजवा आखला. कापला. एकावर एक ठेवून बघितले. सुलट्या बाजू आत, कडेला कड, खांद्याचा फरक बोटभर. डावा आणि उजवा.

किती आनंद झाला ते लिहायचीही लाज वाटते. बारक्याची वाट बघत उभा राहिलो.

तो आला. तुकड्यांकडे न बघता त्यांची घडी घातली, काखेत मारली आणि मागच्या खोलीकडे निघाला. कशाला बघेल? इतक्या दिवसांत बघण्यासारखं होतं काय?

"बारक्या, बघ तरी."

तो थांबला. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्याला कळलं की मला कळलंय. घडी उघडून दोन्ही पुढे टेबलावर समोरासमोर ठेवले. बराच वेळ हात फिरवत राहिला. मग स्टुलावर बसला आणि लहान मुलासारखा रडला. "दाजी, मी तुम्हाला फसवलं," म्हणाला.

"फसवलंस. नाहीतर दुकान बुडालं असतं," मी म्हटलं. आणि मग, आवरलं नाही म्हणून, म्हटलं, "आता एक खरा बेतू दे."

दारात ही उभी होती, तिने भावाकडे बघितलं. "बेतू दे रे त्यांना एक," ती म्हणाली.

९ एप्रिल

मास्तरांना दुसरा कोट हवाय, हलका, तपकिरी. त्यांचं कापड आलं. हाताला लव लागली आणि अंग शहारलं.

तयारी मी कालपासून केली. झोप पुरी, गोळ्या वेळेवर, सकाळी पायांना सूजही कमी. ही काजाचं मशीन बंद करून बसली होती. बारक्या इस्त्रीपाशी, पाठ करून, पण इस्त्री गरमही नव्हती.

डावा पुढा आखला, कापला. कात्री अशी गेली की पूर्वीचे दिवस आठवले. मग फर्मा उचलला. तेवढ्यात बाहेर कोणीतरी गाडीचा भोंगा वाजवला, मी मान वर केली. परत खाली बघितलं तर फर्मा कापडावर होता आणि खडू हातात होता.

उलटा केला होता का?

बघत राहिलो. फर्मा पुठ्ठ्याचा, दोन्ही बाजूंनी सारखाच. कापलेल्या डाव्याशी पडताळला असता तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी पडताळून बघितलं. केला आहे असं वाटलं. मग नाही असं वाटलं. डावं म्हणजे घालणाऱ्याचं की बघणाऱ्याचं, हेच सुटायला लागलं. तसंच आखलं. कात्रीचं तोंड कापडाला लावलं. मास्तरांचं कापड, एकदा कापलं की गेलं.

"बारक्या," मी हाक मारली. "बघ रे जरा."

तो आला. फार वेळ लागला नाही त्याला. मला वाटलं, आता 'बरोबर आहे दाजी' म्हणेल, आणि म्हणाला असता तर मी विश्वास ठेवला असता. त्याने फर्मा उचलला, उलटा केला, परत ठेवला. माझी खडूची रेघ बाहीने पुसली.

मी कात्री टेबलावर ठेवली. मुठीची बाजू त्याच्याकडे केली. गळ्यातली टेप काढली आणि त्याच्या गळ्यात घातली. तो नको नको म्हणत होता. मी म्हटलं, "गप. कापड वाट बघतंय."

त्याने उजवा कापला. मी कापडाची कड धरून उभा राहिलो, ताणलं जाऊ नये म्हणून. हे काम मी त्याला पहिल्या दिवशी दिलं होतं.

जिना चढताना मीटरपाशी बसलोच. ही मागून आली आणि शेजारी बसली.

१० एप्रिल

हिने खुर्ची बैठकीत नेऊन ठेवली. काल पलंगावर झोपली, माझ्या शेजारी, दुखरं बोट पांघरुणाबाहेर काढून. यंत्राचा आवाज तिला त्रास देत नाही म्हणते. आणि ती घोरते! लग्नाला इतकी वर्षं झाली, मला माहीतच नव्हतं. मी तिच्याआधी झोपायचो ना.

सकाळी दुकानात गेलो. बेतायच्या टेबलाशी उभा राहिलो. टेप सापडेना. बारक्याला काही बोललो नाही, आधी गळ्याला हात लावला. गळ्यात नव्हती. ड्रॉवर बघितला, खाली वाकून बघितलं, दम लागला. बारक्या तिकडे तपकिरी कापडावर वाकलेला.

मग त्याने मान वर केली आणि टेप दिसली. मीच घातली होती, काल. आठवलं मला.